अर्धा नवस

जगातल्या कुठल्याही दुरुस्तीवर जिचा काडीचाही विश्वास नाही आणि तरीही जिने दुरुस्तीलाच पोटापाण्याचा धंदा केला, अशी बाई या भूतलावर एकच असेल आणि ती नेमकी आमच्या घरात सून म्हणून आली. माझी धाकटी जाऊ. घरात आम्ही तिला नुसतं 'धाकटी' म्हणतो. आता पंचेचाळिशी ओलांडली, चष्म्याचा नंबर वाढला, हाताखाली शिकून पोरंपोरी तयार झाली, तरी आमच्यासाठी धाकटीच. अंबरनाथच्या एमआयडीसीत, रंगांच्या आणि औषधांच्या कारखान्यांमध्ये, एक पांढरीशुभ्र, बिनआवाजाची इमारत आहे. तिथे ती नोकरी करायची. काय करायची ते तिने लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी आम्हाला समजावून सांगितलं होतं. "ताई, माणसाच्या प्रत्येक पेशीत त्याला घडवायची सगळी कृती लिहिलेली असते. तीनशे कोटी अक्षरं. त्यात एखादं चुकलं की आजार होतो. ते कापून नीट करायचं शास्त्र आता निघालंय." मी म्हटलं, "म्हणजे तू नीट करतेस?" तर म्हणाली, "छे! दुसऱ्यांनी नीट केलेलं मी तपासते. कापणारं हत्यार सांगितलेल्या जागी कापतं, पण तशीच दिसणारी जागा दुसरीकडे असली तर तिथेही कापून येतं. कुणाला न सांगता. ते कुठे कुठे कापून आलं, ते मी शोधते." माझे सासरे बाजूला सुपारी कातरत बसले होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि मला हळूच म्हणाले, "मोठे, आता आपलं काही खरं नाही."

सासऱ्यांचं म्हणणं आठवड्यात खरं ठरलं. आमच्या उल्हासनगरच्या घरात, कॅम्प चारमध्ये, मोरीचा नळ गळत होता. प्लंबर आला, वायसर बदलला, चहा प्यायला आणि निघाला. धाकटीने त्याला दारातच अडवलं. "तुम्ही अजून कुठे हात लावलात?" तो म्हणाला, "कुठे नाही मॅडम, हाच एक नळ." हिचं समाधान होईना. तिने घरातले सगळे नळ सोडून पाहिले, मग शेजारच्या पमीभाभींचे पाहिले, मग खालच्या मजल्यावर गेली आणि अनोळखी लोकांच्या घरात शिरून "तुमच्या नळाला काही वेगळं जाणवतंय का?" असं विचारून आली. आणि गंमत म्हणजे खालच्यांचा नळ खरंच बंद पडलेला निघाला! प्लंबरने इमारतीचा कॉक फिरवला होता आणि तो अर्धाच उघडला होता. झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात शिंप्यापासून इलेक्ट्रिशियनपर्यंत जो जो आला तो तो गुन्हेगार ठरला. एकदा मी तिची सलवार लांबीला कमी करायला आमच्या गल्लीतल्या जीन्सवाल्या कारागिराकडे टाकली. हिने सलवार पाहिलीच नाही. त्याच पिशवीत ओढणी होती, ती उजेडात धरून इंच न् इंच तपासली. "अगं, ओढणीला त्याने कशाला हात लावायला हवाय?" मी वैतागून विचारलं. "लावायला नको होता, म्हणूनच बघतेय," ती शांतपणे म्हणाली. अशा माणसाशी भांडण तरी काय करणार?

पुढे भाऊजींनी बदलापूरला, बेलवलीत, फ्लॅट घेतला आणि दोघं तिकडे राहायला गेली. तिथे तिचा दुसरा नियम उघडकीला आला. एका वेळी एकच बदल. घर बदललं त्या महिन्यात तिने दूधवाला बदलू दिला नाही. आमचा उल्हासनगरचा दूधवाला बिचारा ओळखीखातर बेलवलीपर्यंत मोटरसायकलवरून दूध पोचवत होता. भाऊजी म्हणाले, "अगं, खाली डेअरी आहे." तर हिचं उत्तर तयार. "घरही बदललं आणि दूधही बदललं, तर उद्या पोट बिघडल्यावर ते कशाने बिघडलं हे कळणार कसं?" भाऊजींचं पोट काही बिघडलं नाही, डोकं मात्र बिघडायची वेळ आली. त्यांनी त्याच महिन्यात नवा चष्मा केला होता, तो तिने कपाटात ठेवून दिला आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला काढून दिला.

पण खरा कहर होता तो तिच्या तिसऱ्या नियमाचा. काहीही बदलायचं, तर त्यातलं थोडं जुन्यासारखंच बाजूला ठेवायचं. न बदललेलं शेजारी असल्याशिवाय बदललेलं कसं झालं ते सांगता येत नाही म्हणे. त्यांच्या प्रयोगशाळेत त्याला 'कंट्रोल' म्हणतात. एका दिवाळीत मी चकलीच्या भाजणीत थोडे पोहे घातले, तर हिने जुन्या भाजणीचा वेगळा घाणा काढायला लावला. गणपतीत मी मोदकाच्या सारणात खसखस वाढवली, तर एक मोदक बिनखसखशीचा, त्याला वर लवंग टोचून खूण. हे सगळं मी पोटात घातलं. मेंदीचं मात्र नाही. तिच्या जावेच्या, म्हणजे माझ्याच, भाचीच्या मुलाचं बारसं होतं. सगळे नातेवाईक जमलेले. ही दारातून आत आली ती अर्धं डोकं केशरी आणि अर्धं डोकं पांढरं घेऊन. भांगाच्या एका बाजूला मेंदी, दुसऱ्या बाजूला काही नाही. माझ्या सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी तिला ओढत स्वयंपाकघरात नेली. "अगं बाई, हे काय ध्यान करून आलीस?" ती म्हणाली, "ताई, बेलवलीचं पाणी वेगळं आहे. केस गळतात ते मेंदीने की पाण्याने, हे कळायला नको?" मी तिच्या डोक्यावर पदर ओढला आणि तो संध्याकाळपर्यंत खाली येऊ दिला नाही. लोकांना वाटलं, मोठीचा केवढा धाक आहे बघा!

अशी ही बाई, आणि गावभर लोकांचा समज असा की ही माणसं दुरुस्त करून देते. चिखलोलीला नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्या आमच्या एका मामेसासूबाईंनी नातसुनेच्या डोहाळजेवणात तिला कोपऱ्यात गाठलं. "तुमच्याकडे ते असतं ना गं, तर आमच्या बाळाची उंची तेवढी वाढवून दे. आमच्याकडे सगळे बुटके. आणि जमलं तर थोडं हुशारीचं पण बघ." धाकटीने हातातली ताटली खाली ठेवली. ती खाली ठेवली की समजायचं, आता अर्धा तास गेला. "मामी, उंची एका जागी ठेवलेली नसते हो. हजारो जागी चिमूटचिमूट विखुरलेली असते. त्यातली एक चिमूट हलवली तर उंचीला काही कळतही नाही, पण तीच चिमूट हाडांचं, हृदयाचं, अजून कशाकशाचं काम करत असते, ते बिघडतं. हुशारीचं तर विचारूच नका, ती नेमकी कुठे कुठे आहे हेच अजून कुणाला धड माहीत नाही. आणि पोटातल्या गर्भात कापायला गेलं की काही पेशी बदलतात, काही तशाच राहतात, एकाच बाळात दोन तऱ्हा. शिवाय जे चुकेल ते त्याच्या मुलाबाळांत जाईल. परत घेता येणार नाही. आणि ज्याचं सगळं बदलायचं, त्याला विचारताही येत नाही." मामेसासूबाई म्हणाल्या, "बरं बाई, राहू दे, बुटका तर बुटका," आणि ओटी भरायला पळाल्या.

आता पमीभाभींबद्दल सांगते. आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात त्यांचं घर. सिंधी कुटुंब, कॅम्प चारमध्येच धाग्याचं आणि बटणांचं दुकान. त्यांची एकुलती मुलगी रिया. धाकटी सून म्हणून आली तेव्हा ही पोर सात-आठ वर्षांची होती. थॅलसेमिया. अंगात रक्त नीट तयारच होत नाही, म्हणून दर काही आठवड्यांनी बाहेरून रक्त चढवावं लागतं, जन्मापासून, थांबायचं नाव नाही. रक्त चढवायची तारीख जवळ आली की पोरीचा चेहरा मेणासारखा व्हायचा आणि तीन जिने चढताना धाप लागायची. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. मी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक निळं प्लास्टिकचं स्टूल ठेवून दिलं होतं. तिथे रिया दोन मिनिटं बसायची, मला हाक मारायची, मी वरून पाण्याचा तांब्या घेऊन उतरायची. मला 'काकी' आणि धाकटीला 'छोटी काकी' म्हणायची. आमच्या घरात वाढल्यामुळे मराठी माझ्यापेक्षा चांगलं बोलायची, फक्त चिडली की सिंधीत जायची. पमीभाभींनी झूलेलालला नवस बोलला होता: रिया बरी झाली की अख्ख्या गल्लीला ताहिरी वाटेन. ताहिरी म्हणजे त्यांचा केशर आणि सुकामेवा घातलेला गोड भात. मोठं पातेलं भरून. आणि दर वेळी धाकटी दिसली की त्या विचारायच्या, "तेरे ऑफिसवाले कब ठीक करेंगे मेरी बच्ची को?" धाकटी दर वेळी तेच सांगायची, "अजून नाही, भाभी." एकदा तरी गोड बोलावं की नाही माणसाने? मी तिला झापलं. "अगं, 'होईल बरी' म्हणायला तुझं काय जातं?" ती म्हणाली, "ताई, ती खरं मानेल ना."

रियाने अठरा पूर्ण केली आणि त्याच सुमारास मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात थॅलसेमियावरच्या त्या कापून नीट करायच्या उपचाराची चाचणी सुरू झाली. पमीभाभी कागद घेऊन धावत आमच्याकडे आल्या. धाकटीला बेलवलीहून बोलावून घेतलं. दिवाणखान्यात आम्ही चौघी बसलो. धाकटीने पमीभाभींकडे पाहिलंच नाही, ती रियाशी बोलली. "नीट ऐक. तुझ्याच रक्तातून मूळ पेशी काढतील. आईच्या पोटात बाळाचं रक्त वेगळं असतं, जन्मल्यावर ते बंद होतं. ते बंद करणारं बटण त्या पेशींत कापतील, म्हणजे तुझं ते बाळपणीचं रक्त पुन्हा सुरू व्हावं. पण बदललेल्या पेशींना जागा हवी, म्हणून आधी कडक औषध देऊन तुझ्या हाडांतली जुनी मज्जा रिकामी करतील. केस जातील. तोंड सोलून निघेल. साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतू शकते तेव्हा. पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, त्यासाठी आधी डॉक्टरांशी बोलून ठेव. सगळ्या पेशी बदलतीलच असं नाही. आणि हत्यार नको तिथे कापून आलं असेल, तर ते लगेच कळेलच असंही नाही. म्हणून पंधरा वर्षं तुला तपासत राहतील." पमीभाभी रडकुंडीला आल्या. "डॉक्टर ने तो इतना नहीं डराया!" रिया मात्र मांडी घालून ऐकत होती. "छोटी काकी, तुम्ही असता तर काय केलं असतं?" आम्हाला वाटलं, आता ही चार फाटे फोडणार. ती म्हणाली, "गेले असते. घाबरत घाबरत, पण गेले असते." रिया म्हणाली, "मग झालं. मला माझं कॅलेंडर परत पाहिजे, रक्ताच्या तारखांशिवाय."

नंतर स्वयंपाकघरात धाकटी चहाचे कप विसळत उभी होती. एकच कप किती वेळ विसळत होती कोण जाणे. मी तिच्या हातातून तो काढून घेतला. "तूच हो म्हणालीस ना? मग आता काय?" तर ती माझ्याकडे वळली, डोळे भरलेले. "ताई, मी आयुष्यात कधी सगळंच्या सगळं बदलायला लावलं नाही. थोडं तरी बाजूला ठेवलंय. हिचं काय बाजूला ठेवू? दुसरी रिया कुठून आणू?" चकल्या, मोदक, अर्धं केशरी डोकं, सगळ्यांवर मी इतकी वर्षं हसले होते. त्या क्षणी मात्र मला हसू आलं नाही, मी तिला नुसतं जवळ घेतलं.

आणि नशिबाचा खेळ बघा, त्या चाचणीच्या पेशी तपासायला येणार होत्या धाकटीच्याच प्रयोगशाळेत. दुसरी कुणी असती तर खूश झाली असती, आपल्या नजरेखालून जाईल म्हणून. हिने साहेबांना आपण होऊन सांगितलं, यातली एक मुलगी माझ्या घरातली आहे, मी या कामाला हात लावणार नाही. "अगं, तुझ्यापेक्षा बारकाईने कोण बघणार?" मी ओरडलेच. "तेच तर," ती म्हणाली, "माझं मन तिच्या बाजूने आहे. मला जे दिसायला हवं ते दिसणार नाही, मला जे हवंय ते दिसेल." ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याचं काम तपासलं, तिला पहिल्यांदाच हात बांधून दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबून बसावं लागलं. ते दिवस भाऊजींनी कसे काढले त्यांचं त्यांना ठाऊक. घरातले सगळे नळ, सगळे स्विच, गॅसच्या शेगडीचं प्रत्येक बटण तपासून झालं. शेवटी सोसायटीच्या चेअरमननी भाऊजींना विचारलं, "वहिनींची तब्येत बरी आहे ना?"

पेशी ठीक निघाल्या, त्या रियाला परत दिल्या गेल्या. त्यानंतरचे आठवडे मी आठवत नाही बसत. पोर काचेपलीकडे, डोक्यावर केस नाही, बोलायला त्राण नाही, पमीभाभी बाहेर माळ ओढत बसलेल्या. मग हळूहळू रक्त तयार व्हायला लागलं. तिचं स्वतःचं. रिया घरी आली तेव्हा टोपी घालून, माझा हात धरून जिने चढली आणि दुसऱ्या मजल्यावर सवयीने स्टुलावर टेकली. काही महिन्यांनी टेकायची थांबली. रक्त चढवायची तारीख आली आणि गेली, पुन्हा आली आणि गेली. गालांवर रंग आला. पमीभाभींनी केशराची डबी आणून फ्रीजमध्ये ठेवली आणि धाकटीला विचारलं, "अब तो बोल, ठीक हो गई ना?" धाकटी म्हणाली, "आजपर्यंत ठीक आहे."

इथून जो वाद सुरू झाला तो वर्ष-दीड वर्ष चालला. नवस होता 'बरी झाली की', आणि 'बरी झाली' हे धाकटीच्या तोंडून आल्याशिवाय पमीभाभींना चैन नव्हतं. डॉक्टरांनी सांगून त्यांचं भागेना. चेटीचंड, म्हणजे झूलेलालची जयंती, आला, सगळ्या कॅम्पात ताहिरीचा वास सुटला, यांच्या घरी नुसता दिवा. धाकटीचं एकच पालुपद, आजपर्यंत ठीक. मी स्टूल उचलून गच्चीवर टाकायला निघाले, तर हिने तेही अडवलं. "ताई, असू दे तिथे. काही जुनं बाजूला असलेलं बरं." पमीभाभी माझ्याकडे येऊन चिडचिड करायच्या, "अरे, भगवान मान गया, तेरी देवरानी नहीं मानती!" मी तरी काय करणार? मी दोघींना चहा पाजत होते.

मग धाकटीला हैदराबादच्या एका मोठ्या प्रयोगशाळेने बोलावलं. भाऊजींची बदली आधीच तिकडे झाली होती, हिनेच एका वेळी एकच बदल म्हणून वर्षभर रखडवलं होतं. निघायच्या आधीच्या रविवारी ती उल्हासनगरला आली, थेट पमीभाभींच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "भाभी, भात टाका. नवस फेडा." पमीभाभींनी कपाळाला हात लावून देवाचे आभार मानले, तेवढ्यात ही पुढे म्हणाली, "अर्धा."

"आधी मन्नत? ऐसा कहीं होता है क्या?"

"अर्धी ताहिरी आत्ता. उरलेली अर्धी पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर. तोपर्यंत ती बाजूला ठेवायची."

मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता मात्र पमीभाभी हिला जिन्यावरून ढकलून देणार. पण त्यांनी बोटांवर हिशेब केला. धंद्याच्या घरातल्या बाई त्या. म्हणाल्या, "आधा माल अभी, आधा बाद में. नीचे चलता है तो ऊपर भी चलेगा. मैं समझा दूँगी झूलेलाल को." पातेलं मोठंच काढलं, भात अर्ध्यापर्यंतच टाकला. गल्लीत प्रत्येक घरी वाटी गेली, अर्धी भरलेली. लोक विचारायचे, एवढीच का? रिया प्रत्येकाला हसून सांगत होती, "बाकीची येतेय." धाकटीला तिने स्वतःच्या हाताने पहिला घास दिला. धाकटी काही न विचारता, काही न तपासता ती वाटी संपवून मोकळी झाली. मग रडली. म्हणाली, गरम होती.

आता दोन वर्षं झाली तिला जाऊन. गेल्या गणपतीत मी सारणात नुसता गूळ बदलला, तर हात आपोआप जुन्या गुळाचा एक मोदक वेगळा वळून बसला, वर लवंगसुद्धा टोचली. खायला कोणी नव्हतं, शेवटी रिया येऊन खाऊन गेली आणि तिने तिथूनच हैदराबादला फोन लावून सविस्तर अहवाल दिला. धाकटीने ताप, थकवा, वजन, झोप, सगळं विचारून घेतलं आणि फोन ठेवताना तेच म्हणाली, आजपर्यंत ठीक. मला पूर्वी त्या दोन शब्दांचा फार राग यायचा. आता महिन्यातून एकदा ते कानावर पडले नाहीत तर चुकल्यासारखं होतं.

निळं स्टूल अजून दुसऱ्या मजल्याच्या वळणावरच आहे. त्यावर आता मी बसते. गुडघे म्हणजे गुडघे राहिले नाहीत. मंडईतून आले की तिथे टेकते आणि मनात हिशेब करते. पंधरा वर्षं पुरी होतील तेव्हा मी पंचाहत्तरीला टेकलेली असेन. परवा अशीच बसले होते, तर खालून रिया आली, दुकानातला बटणांचा खोका काखेत मारून, एकेक सोडून पायऱ्या चढत. मला बघून थांबली. धाप नाही, काही नाही. "काकी, तुम्ही असं बसून चालणार नाही हां. अर्धी ताहिरी बाकी आहे आपली." माझी पिशवी तिने घेतली, दुसरा हात मला दिला. मी म्हटलं, "थांब गं जरा," आणि उठले.